अपंग कामगाराची भरपाई : मालकाची दया की कायद्याचे देणे?



यंत्रात हात सापडून जो कामगार जायबंदी होतो, त्याच्यावर दोन आघात होतात. पहिला यंत्राचा, तो क्षणात होतो. दुसरा अज्ञानाचा, तो पुढील काही दिवसांत सावकाश होतो आणि पुष्कळदा पहिल्याहून जबर ठरतो. मालक दवाखान्याचा खर्च करतो, घरी दहा-वीस हजार रुपये पाठवितो, आणि आपला माणूस म्हणतो, 'मालक भला आहे, त्याच्यावर फिर्याद कशी करावी?' वकिलीच्या धंद्यात हे उद्गार मी वारंवार ऐकले आहेत. म्हणून प्रथमच सांगतो की, नुकसानभरपाई हे कायद्याने मालकाच्या डोक्यावर ठेवलेले देणे आहे. देणे मागण्यात कृतघ्नपणा नाही.

कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा या देशात १९२३ साली झाला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखली गेली, आणि १९४८ साली राज्य विम्याचा कायदा संमत झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही कायद्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. नाव बदलले, तत्त्व बदललेले नाही. काम करीत असता आणि कामामुळे इजा झाली की जबाबदारी मालकावर येते. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगाराकडून थोडी हयगय झाली, एवढ्याने त्याचा हक्क बुडत नाही.

हक्काचे मार्ग दोन आहेत. जो कामगार राज्य विमा योजनेखाली येतो, त्याने विमा महामंडळाकडे दाद मागावयाची. त्यास तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात मजुरीच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो. अपंगत्व कायमचे असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवील त्या प्रमाणात हयातभर दरमहा रक्कम मिळते. नोकरीचा पहिलाच दिवस असला तरी हा हक्क आहे. जो या योजनेबाहेर आहे, त्याने मालकाकडून एकरकमी भरपाई घ्यावयाची. दोन्ही मार्गांनी एकाच इजेची भरपाई मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. भरपाई कशाची मिळते? तुटलेल्या बोटांची किंमत कायदा करीत नाही. गेलेल्या कमाईच्या शक्तीची करतो. कायद्याच्या परिशिष्टात इजांचे टक्के दिलेले आहेत. अंगठा गेला तर ३०, एका हाताचा पंजा गेला तर ६०. हे टक्के म्हणजे शेवटचा शब्द, अशी समजूत करून दिली जाते. ती चुकीची आहे. अपघाताच्या वेळी कामगार जी कामे करू शकत होता, ती सर्वच कामे इजेमुळे करता येईनाशी झाली, तर कायदा त्यास संपूर्ण अपंगत्व म्हणतो.

याचे उदाहरण घ्या. १९६८ साली एक सुतार सिनेमागृहात काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाने म्हटले, हे अंशतः अपंगत्व आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सुतारकाम एका हाताने होत नाही. सबब या सुताराची कमाईची शक्ती शंभर टक्के गेली. भरपाईचे देणे अपघाताच्या दिवसापासूनच लागू होते, हेही त्याच निकालात ठरले.

हा फरक रुपयांत पाहा. वय ४० वर्षे, मजुरी दरमहा १५,००० रुपये. संपूर्ण अपंगत्व असेल तर मजुरीचे ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, गुणिले त्या वयाचा गुणक १८४.१७. भरपाई होते १६,५७,५३० रुपये. पंजा गेल्याचे ६० टक्केच धरले तर ९,९४,५१८ रुपये. ६,६३,०१२ रुपयांचा हा फरक 'तुझा धंदा कोणता होता?' या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहतो. म्हणून डॉक्टरांना आपले काम तपशिलाने सांगा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्का निराळा आणि कमाईची हानी निराळी. दोहोंची गल्लत होऊ देऊ नका.

हे सिद्ध करावयाचे तर पुरावा पहिल्या दिवसापासून जपला पाहिजे. दवाखान्याच्या केसपेपरवर 'कामावर असता अपघात' अशी नोंद करवून घ्या. मुकादमाच्या सांगण्यावरून 'घरी पडलो' असे एकदा लिहिले गेले, म्हणजे ते पुसणे फार कठीण होते. कारखान्याच्या अपघातवहीत नोंद झाली की नाही ते पाहा. मालकास लेखी सूचना द्या. पोच घ्या, न दिल्यास स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. हजेरीकार्ड, बँकेचे पासबुक, सोबत्यांची नावे एकत्र ठेवा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. हक्क सोडल्याचा करार लिहून घेतला असेल, तरी भिऊ नका. असा करार कायद्यापुढे टिकत नाही. 'तू ठेकेदाराचा माणूस' असे उत्तर मिळाले, तर ज्याच्या धंद्याचे काम चालले होते त्या मूळ मालकावरही दावा करता येतो. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. शहरात अपघात होऊन कोणी गावी परतला असेल, तर आपण राहतो त्या भागातील सक्षम प्राधिकाऱ्याकडेही त्यास अर्ज करता येतो.

संविधानाच्या ४१व्या अनुच्छेदाने अपंगत्वाच्या प्रसंगी साहाय्य मिळावे, अशी तरतूद करण्याचे धोरण राज्यास घालून दिले आहे. परंतु खाटेवर पडलेला माणूस अर्ज घेऊन धावू शकत नाही. म्हणून प्रत्येक वस्तीत दोन लिहिते-वाचते तरुण असे ठरवा की, अपघाताची वार्ता येताच त्यांनी इस्पितळात जावे, केसपेपर वाचावा आणि त्याच आठवड्यात मालकाला सूचना पाठवावी. जखमी माणसाच्या घरी सांत्वनासाठी जाणे आपण कधी चुकवीत नाही. जाताना यापुढे कागद आणि लेखणीही सोबत न्या.