सांध्याची वेदना, औषधाची भीती आणि श्रावकाचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



उपाश्रयात सकाळी सामायिकाला बसलेल्यांकडे पाहिले, तर एक बदल सहज ध्यानात येतो. पूर्वी भिंतीकडेला एखाद-दुसरी खुर्ची असे. आता खुर्च्यांची रांगच असते. ४८ मिनिटे मांडी घालून बसणे ज्यांना एकेकाळी सहज साधे, त्यांना आज खमासमण देऊन उठताना कुणाचा तरी हात लागतो. शत्रुंजयाच्या सुमारे साडेतीन हजार पायऱ्या ज्यांनी तरुणपणी अनवाणी चढल्या, ते आज डोलीचा विचार करतात. सांध्यातील कूर्चेची झीज, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस, हे त्यामागचे नेहमीचे कारण आहे.

या वेदनेवर कधी कधी ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा कोडीन अशी औषधे दिली जातात. यांना अफूवर्गीय वेदनाशामके म्हणतात. काही अफूपासून मिळतात, तर काही प्रयोगशाळेत तयार होतात. पण मेंदूवर व मज्जारज्जूवर त्यांचे कार्य त्याच मार्गाने चालते. या औषधांविषयी रुग्णाच्या मनात काय असते, याचा विचार आज करावयाचा आहे. कारण रुग्ण जे बोलत नाही, त्यातूनच पुष्कळदा अनर्थ ओढवतो.

रुग्णांचे साधारण तीन पक्ष दिसतात. पहिला म्हणतो, "वय झाले, असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, भोगूनच संपवायचा." दुसरा पक्ष भीतीचा. बावीस अभक्ष्यांत विषाची गणना आहे आणि विषात अफूही येते, हे ज्याने लहानपणापासून ऐकले, त्याला गोळी अफूच्या जातीची आहे असे कळताच ती हातात धरवत नाही. तिसरा पक्ष कमी बोलतो. त्याला गोळीने आराम पडलेला असतो. रात्रीची झोप परत आलेली असते, जिना उतरणे जमू लागलेले असते. "माझा आधार काढून घेऊ नका," एवढीच त्याची विनवणी असते. लोक व्यसनी म्हणतील, या संकोचाने तो मुला-सुनेपासूनही गोळी लपवतो आणि जुनी चिठ्ठी दाखवून ती पुन्हा पुन्हा आणतो.

या तिन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. अनेकांतदृष्टी ज्याच्या घरची आहे, त्याने यांपैकी कोणालाही हसू नये.

कर्माचा उदय मान्य केला म्हणून उपचार निषिद्ध ठरत नाही. चार दानांत औषधदानाला स्थान आहे. आजारी साधु-साध्वींचे वैयावृत्य हे तप मानले आहे. शिवाय वेदनेचेच सतत चिंतन चालणे हा आर्तध्यानाचा एक प्रकार सांगितला आहे. माळ हातात आणि सारे लक्ष गुडघ्यात, अशी अवस्था होत असेल, तर वेदना कमी करणे हे धर्मसाधनेला साहाय्यच आहे.

भीतीच्या पक्षाला विज्ञानाने बरीच पुष्टी दिली आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांतील २४० रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीच्या, खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या जुनाट दुखण्याचे हे रुग्ण होते. निम्म्यांना अफूवर्गीय औषधे दिली, निम्म्यांना इतर. १२ महिन्यांनंतर दैनंदिन हालचालींत दोन्ही गट सारखेच होते. वेदना इतर औषधांच्या गटात किंचित कमी होती आणि दुष्परिणाम अफूवर्गीय गटात अधिक होते. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनेही या आजारात तीव्र अफूवर्गीय औषधे देऊ नयेत असे सांगितले. मलावरोध, मळमळ, गुंगी हे त्रास नित्याचे. उतारवयात गुंगीने तोल जाऊन खुब्याचे हाड मोडले, तर गुडघ्याचे दुखणे परवडले असे म्हणण्याची पाळी येते. भारतात ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले, ते त्याच्या गैरवापरामुळेच.

तथापि तिसऱ्या पक्षाला अपराधी ठरविणे अन्यायाचे होईल. नियमित औषधाने शरीराला सवय लागणे वेगळे आणि हानी दिसत असूनही औषधाच्या मागे धावणे वेगळे. पहिल्यात दोष औषधाच्या गुणधर्माचा आहे, माणसाच्या चारित्र्याचा नव्हे. काहींना मूत्रपिंडाच्या किंवा जठराच्या विकारामुळे नेहमीची वेदनाशामके चालत नाहीत. अशा वेळी वैद्य थोड्या मुदतीसाठी हा मार्ग विचारपूर्वक निवडू शकतात.

खरा धोका मौनाचा आहे, आणि आपल्या समाजात तो पर्युषणात वाढतो. महिनोन्‌महिने रोज गोळी घेणारी एखादी श्राविका अठ्ठाईचे पच्चक्खाण घेते आणि गोळी एकदम बंद करते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाम, बेचैनी, जुलाब, निद्रानाश सुरू होतात. घरचे त्याला तपाचा थकवा समजतात. ही औषधे वैद्याच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावी लागतात. उलट, उपवासात रिकाम्या पोटी नेहमीची वेदनाशामक गोळी घेतल्यास जठराला व मूत्रपिंडाला अपाय संभवतो. म्हणून तपाचा संकल्प करण्याआधी काही आठवडे वैद्यांना सर्व सांगावे. चोविहार असल्यास तेही सांगावे. गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वी बसवता येईल का, हे त्यांना पाहता येते. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते; ते चालत नसल्यास दुसरे औषध मागावे, पण कॅप्सूल आपल्या मनाने फोडून घेऊ नये.

आणखी एक विवेक आवश्यक आहे. गुडघ्याच्या बाबतीत योग्य असलेली भीती कर्करोगाच्या रुग्णाच्या खाटेपाशी नेऊ नये. तेथील असह्य वेदनेवर मॉर्फिन हे मान्य औषध आहे आणि ते रुग्णापर्यंत सुलभतेने पोहोचावे म्हणूनच २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तेथे अफूच्या नावाने औषध नाकारणे ही करुणा नव्हे.

गुडघ्यासाठी मात्र मांडीच्या स्नायूंचा नित्य व्यायाम, वजनावर नियंत्रण, हातात काठी, वरून लावायचे वेदनाशामक मलम आणि गरज पडल्यास सांधेरोपण, हा राजमार्ग आहे. खुर्चीवर बसून केलेल्या सामायिकात उणेपणा मानू नये. समता मनात असावी लागते.

अहिंसेचा आरंभ स्वतःच्या देहापासून आणि सत्याचा आरंभ स्वतःच्या वेदनेपासून व्हावा. किती दुखते, काय घेतो, कशाची भीती वाटते, हे वैद्याला आणि घरच्यांना मोकळेपणाने सांगावे. घरच्यांनीही ते न रागावता ऐकावे.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!