पूर्वजांचा कागदोपत्रीं शोध

मुंबई-आग्रा रस्त्यावरील भिवंडी गांवीं १८५७ नंतरच्या काळांत उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकरांचीं पुष्कळ कुटुंबें येऊन राहिलीं. त्यांच्या वंशजांना मूळ गांव विचारलें, तर वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलें एखादें नांव ते सांगतात. लेखी पुरावा क्वचितच निघतो. खुष्कीच्या मार्गानें आलेल्या माणसाची नोंद ठेवतो कोण? समुद्र ओलांडणाऱ्याची मात्र सरकार कसून नोंद करी.

मुंबई बंदरांतून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचें उदाहरण घ्यावें. १८३४ ते १९१० या काळांत उंसाच्या मळ्यांसाठीं सुमारें साडेचार लाख हिंदी मजूर करारानें त्या बेटावर नेण्यांत आले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या मजुरास क्रमांक मिळे. त्याचें नांव, बापाचें नांव, वय, उंची, जात, अंगावरील खूण, जिल्हा व गांव वहींत चढे. १८६० नंतरच्या दशकांत छायाचित्रेंहि काढूं लागले. या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेल्या आहेत.

परंतु शोध सोपा नाहीं. क्रमांक ठाऊक नसेल, तर जन्मविवाहाच्या दाखल्यांवरून एकेक पिढी मागें जावें लागतें. परभाषी कारकून कानीं पडेल तसें नांव रोमन लिपींत उतरवी. ठाण्याचें ‘टान्ना’ होई. शिवाय तेथें अनेक घरांत पूर्वजाचें स्वतःचें नांवच पुढें आडनांव बनलें. म्हणून आडनांवाचा आधार धरणारा फसतो. बापाचें नांव व गांव जुळतें कीं नाहीं, हें पाहावें.

अमेरिकेंतील चिनी कुटुंबांचा अनुभव याहून विलक्षण आहे. १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांस तेथें बंदी झाली. ती १९४३ मध्यें उठली. मधल्या काळांत येणाऱ्यास अधिकारी घराच्या पायऱ्या किती, विहीर कोठें, असे प्रश्न विचारीत व उत्तरें लिहून ठेवीत. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगींत सान फ्रान्सिस्कोचे जन्मदाखले जळाले, तेव्हां कित्येक जण दुसऱ्याचे पुत्र म्हणून कागदावर नांव लावून आले. त्यांच्या नातवंडांना दप्तरांत सापडणारें आडनांव रक्ताचें असेलच असें नाहीं. खरें नांव घरांतल्या वृद्धांनाच ठाऊक असे.

या वह्या वंशजांसाठीं लिहिल्या गेल्या नव्हत्या. मजूर पळूं नये, परका शिरूं नये, एवढाच त्यांचा हेतु होता. त्यांतील चूक घरची आठवणच दुरुस्त करूं शकते. भिवंडीच्या विणकरांजवळ तर ती आठवण हेंच एकमेव दप्तर आहे. घरांतील वृद्ध बोलते आहेत तोंच तें लिहून घ्यावें.