डोळा दुखतो आणि वळेनासा होतो

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराच्या परिसरात काय किंवा पुण्याच्या पेठेत काय, डोके दुखले की कपाळावर सुंठेचा लेप देण्याची रीत मराठी घरांना परकी नाही. बहुतेक डोकेदुखी तेवढ्याने किंवा विश्रांतीने निवतेही. परंतु एका डोकेदुखीवर घरगुती उपाय करीत बसणे धोक्याचे असते. तीत एका डोळ्यामागे तीव्र वेदना होते, तो डोळा नीट वळेनासा होतो, पापणी खाली येते आणि एका वस्तूच्या दोन दिसू लागतात.

अशा दुखण्याचे एक दुर्मिळ कारण म्हणजे टोलोसा-हंट विकार. डोळ्यामागे कवटीच्या तळाशी अशुद्ध रक्ताची एक पोकळी असते. डोळा फिरविणाऱ्या नसा तिच्यातून जातात. तेथे सूज आली की नसा दबतात. स्पेनमधील टोलोसा यांनी १९५४ साली एका रुग्णाच्या मृत्यूनंतरच्या तपासणीत ही सूज पाहिली. १९६१ साली अमेरिकेतील हंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी सहा रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली.

यावरचे औषध प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड होय. वेदना बहुधा तीन दिवसांत ओसरते. डोळ्याची हालचाल पूर्ववत होण्यास मात्र आठवडे, कधी महिने लागतात. दुखणे पुन्हा उलटूही शकते.

पण खरा पेच या गुणातच आहे. क्षयाची गाठ किंवा लसिका ग्रंथींचा कर्करोग यांतही स्टेरॉइडने काही काळ आराम पडतो आणि मूळ रोग झाकला जातो. रोहिणीला आलेला फुगवटा हेही अशा दुखण्याचे कारण असू शकते. २०२१ साली कोविडच्या साथीत देशभर, विशेषतः मधुमेही रुग्णांत, काळ्या बुरशीने डोळे असेच दुखले आणि थिजले. तेथे स्टेरॉइड बुरशीलाच बळ देते. हवे असते ॲम्फोटेरिसिन आणि तातडीची शस्त्रक्रिया. लक्षण एकच, औषधे मात्र परस्परविरुद्ध!

म्हणून आधी एमआरआय व रक्ततपासणी, मग औषध, हाच क्रम योग्य. रायपूरला २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. पुरानी बस्तीतल्या रुग्णाला त्यासाठी आता शहराबाहेर जावे लागत नाही. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आणणे जितके घातक, तितकेच आराम पडताच त्या एकदम बंद करणे. मात्रा वैद्यकीय सल्ल्यानेच हळूहळू उतरवावी. वेदना थांबली म्हणजे निदान झाले, असे मानणाऱ्याची दृष्टीच पणाला लागते.