तास घेतला, पण शिकवलं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना अडखळलो होतो तिथली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय कॉलेजात आणि विद्यापीठात चांगलं शिकवणाऱ्यांचा. हा विषय निघाला की आपण लगेच हळवे होतो. ५ सप्टेंबरला स्टेटस टाकतो, 'आज मी जो काही आहे तो सरांमुळे' वगैरे. ते छानच आहे. पण मला आज जरा रुक्ष प्रश्न विचारायचाय. एखादा माणूस उत्तम शिकवतो, याचा त्याच्या पगारावर, पदावर, नोकरी टिकण्यावर काही परिणाम होतो का?

आधी नियम बघू. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी एक तक्ता आहे. त्यात 'अध्यापन' असा रकाना आहे, म्हणून मी उत्साहाने वाचायला गेलो. तर काय मोजलंय? वाट्याला आलेल्या तासांपैकी किती टक्के तास घेतले. ८० टक्के किंवा जास्त असतील तर 'चांगलं'. ७० ते ८० च्या मधे असतील तर 'समाधानकारक'. त्याच्या खाली 'असमाधानकारक'. संपलं. त्या तासाला काय घडलं, पोरांच्या डोक्यात काही शिरलं का, याला त्या रकान्यात जागाच नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत हा नुसता अपटाइम झाला. सर्व्हर चालू होता एवढंच कळतं, त्याने दिलेलं उत्तर बरोबर होतं की नाही ते नाही.

आणि शेजारचा संशोधनाचा तक्ता बघा, तो कसा बारकाईने केलाय. विज्ञान-अभियांत्रिकीत एका शोधनिबंधाला ८ गुण, भाषा आणि मानव्यविद्यांत १०, पुस्तकाला वेगळे, पेटंटला वेगळे. मग माणसं काय करणार? जिथे गुण आहेत तिथे वेळ घालणार. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं उगाच नाही बोकाळली. मे २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली होती.

'मग विद्यार्थ्यांनाच विचारा की' हे उत्तर लगेच येतं. विचारतातच. सेमिस्टरच्या शेवटी फीडबॅक फॉर्म भरल्याशिवाय हॉलतिकीट निघत नाही, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. हॉलतिकिटासाठी भरलेल्या फॉर्मची किंमत किती, ते तुम्हीच ठरवा. पण अगदी मन लावून भरला तरी एक घोळ उरतोच.

अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीतला एक अभ्यास आहे, कॅरेल आणि वेस्ट या दोघांचा, २०१० साली प्रसिद्ध झालेला. तिथे विद्यार्थी कुठल्या तुकडीत जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. त्यामुळे 'हुशार पोरं त्याच सरांकडे जातात' ही पळवाट बंद. त्यांना दिसलं असं: पहिल्या कॅल्क्युलसच्या कोर्समध्ये ज्यांच्या मुलांना जास्त मार्क मिळाले, त्या शिक्षकांना फीडबॅकही चांगला मिळाला. पण तीच मुलं पुढच्या वर्षीच्या, कॅल्क्युलसवर आधारलेल्या कोर्समध्ये मागे पडली. आणि ज्यांनी आधी घाम काढला त्यांची मुलं पुढे चांगली निघाली. म्हणजे फॉर्म ज्या दिवशी भरला जातो त्या दिवशी खरं उत्तर तयारच झालेलं नसतं.

हे वाचल्यावर मला आमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मॅडम आठवल्या. त्या फळ्यावर मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम लिहायच्या आणि विचारायच्या, 'हा कुठे अडकेल?' उत्तर येईपर्यंत पुढे जायच्या नाहीत. वर्ग वैतागायचा, कारण शेजारच्या तुकडीत सर 'इम्पॉर्टंट क्वेश्चन्स'ची झेरॉक्स वाटायचे. फीडबॅकमध्ये कोण पुढे असायचं हे सांगायला नको. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमची एक सेवा रोज रात्री अडकून पडायची. दोन थ्रेड, प्रत्येकाच्या हातात एक लॉक, दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेले. मला तो अख्खा फळा डोळ्यांसमोर दिसला.

मॅडम कंत्राटावर होत्या. दर जूनमध्ये नवीन ऑर्डर, मधल्या सुट्टीचा पगार नाही. आमच्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी कॉलेज सोडलं आणि एका कंपनीच्या ट्रेनिंग विभागात गेल्या. कॉलेजने त्यांना थांबवण्याचा प्रयत्नही केला नाही. का करेल? कागदावर त्यांच्यात आणि दुसऱ्या कुणात फरक दिसायला हवा ना!

आणि हे एकट्या मॅडमचं नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजांमध्ये कितीतरी माणसं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवतात. जेवढे तास तेवढे पैसे. पदोन्नतीची शिडी चांगली की वाईट यावर आपण वाद घालतोय, ते त्या शिडीच्या खालच्या पायरीवरसुद्धा नाहीत.

पुरस्कार आहेत, नाही असं नाही. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार २०२३ पासून उच्च शिक्षणातल्या शिक्षकांनाही मिळू लागला. पहिल्या वर्षी १३ जणांना मिळाला. प्रशस्तिपत्र, पन्नास हजार रुपये, रौप्यपदक. चांगली गोष्ट आहे. पण अख्ख्या देशात तेरा जण! बाकीच्यांचा रोजचा हिशेब त्याने बदलत नाही. जानेवारी २०२५ मधल्या यूजीसीच्या मसुद्यात 'नावीन्यपूर्ण अध्यापन' हा नऊ कामगिऱ्यांपैकी एक धरला होता, त्यातल्या किमान चार दाखवायच्या. म्हणजे दुसऱ्या चार निवडून शिकवणं वगळताही येतं. मला तर हसूच आलं.

मला विचाराल तर दोन गोष्टी सहज करता येतील. आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो, दुसऱ्याने वाचल्याशिवाय कोड पुढे जात नाही. तसं त्याच विषयाच्या माणसाने वर्षातून दोनदा मागच्या बाकावर बसावं आणि लिहून द्यावं. पण तो माणूस दुसऱ्या कॉलेजचा हवा. नाहीतर विभागप्रमुखांच्या मर्जीतले सगळे 'उत्कृष्ट' निघतील, ते राजकारण आपल्याला नवीन नाही. दुसरं म्हणजे पुढच्या वर्षीचा विषय शिकवणाऱ्याला विचारा की पोरं पाया घेऊन आलीत का. आणि पाच वर्षांनी आम्हाला विचारा. नॅक आणि एनआयआरएफची माहिती भरायची वेळ आली की कॉलेजवाले 'सध्या कुठे नोकरी करता?' म्हणून बरोबर फोन करतातच. नंबर आहे, माणूस आहे, फोनही चालू आहे.

मागच्या महिन्यात माजी विद्यार्थ्यांचा फॉर्म आला होता. कंपनी, हुद्दा, पॅकेज, देणगी देणार का. मी भरला, आणि खाली एक प्रश्न वाढवा म्हणून मेल केला: इथे शिकलेलं काय आज उपयोगी पडतंय, आणि ते कुणी शिकवलं होतं? देणगीच्या पावतीचा मेल लगेच आला. त्या प्रश्नावर अजून काही आलेलं नाही.