जखमेला गुण द्या



पाचोडच्या शिवारात मोसंबीचा काटा भरतो, ऊस तोडताना कोयता लागतो. फडकं बांधायचं आणि पुन्हा कामाला लागायचं, ही आपली रीत. जखम चिघळली की मग कुणी कॅप्सूल फोडून पावडर तिच्यात भरतो, कुणी "डॉक्टर, एक इंजेक्शन मारा" म्हणत दवाखाना गाठतो. जखमेकडे नीट पाहायचं मात्र राहूनच जातं. आज त्या पाहण्याविषयीच बोलतो.

युरोपातल्या जखम-तज्ज्ञांनी 'टिली' नावाची गुणपद्धत बसवली आहे. तिच्यात खुणा 6, प्रत्येकीला 1 गुण. जखमेभोवती लाली आहे का? सावळ्या कातडीवर लाली फसवते, म्हणून हातावर भिस्त ठेवा. तळहाताची मागची बाजू आधी चांगल्या पायाला लावा, मग दुखऱ्या पायाला. ऊब लगेच कळते; तिचा गुण वेगळा. सूज किंवा कडकपणा बोटाला लागतो. आपोआप ठणकतं किंवा दाबल्यावर दुखतं का, हे रोग्यालाच विचारा. जखम भरायची थांबली असेल तर एक गुण, आणि पाणी जास्त येत असेल, त्याचा रंग किंवा वास बदलला असेल तर आणखी एक. 5 गुण भरले की जागेवरचा संसर्ग धरून जंतुनाशक द्रावणाने उपचार सुरू करतात. उघड पू दिसला तर गुण मोजत बसायचं नाही, उपचार लगेच.

इथे एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. जंतुनाशक द्रावण जखमेवर लावायचं. प्रतिजैविकाची गोळी सगळ्या शरीरात जाते. संसर्ग जखमेपुरताच असेल तर बहुतेक वेळा स्वच्छता आणि द्रावण पुरतं. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा तीच गोळी लागू पडत नाही.

जखमेला गुण देण्याचं हे काम गावातल्या माणसाला जमेल का? जमतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाचा जंतुदोष अशाच खुणांवरून ओळखायला शिकवलं. 7 पैकी कुठल्याही 2 खुणा एकाच वेळी दिसल्या की उपचार. बेंबीतला पू ही त्यातलीच एक. त्यांच्या घरपोच नवजात-सेवेचे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटनेही गावच्या बायकांना आरोग्याच्या कामात तयार केलं आहे. आपल्या आशाताईंच्या हाती ही सहा खुणांची चिठ्ठी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मधुमेहाच्या रोग्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. त्याच्या पायाची संवेदना बरेचदा गेलेली असते, अशा वेळी ठणक्याचा गुण पडतच नाही. चपलेत रक्त दिसेपर्यंत त्याला जखमेचा पत्ता नसतो. त्याचे गुण कमी भरले तरी पाय त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा. उद्या लाली रेघेबाहेर गेली, थंडी वाजून ताप भरला, जांघेत अवधाण आलं किंवा लाल पट्टा वर चढताना दिसला, तर संसर्ग जखमेपुरता राहिलेला नाही. तेव्हा रुग्णालयात जा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, तेही तिथे सांगा.