यंत्राच्या निद्रेचा प्रश्न



संगणकाची निद्रा हा विषय पक्षाच्या व्यासपीठावर काहीसा अनोळखी वाटेल. परंतु वीज नसणे म्हणजे काय, हे जालना जिल्ह्याला समजावून सांगण्याची गरज नाही. २०११ साली ‘संग्राम’ योजनेखाली ग्रामपंचायतींत संगणक आले, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्र भारनियमनाने बेजार होता. २०१२ च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळला आणि २०१३ च्या फेब्रुवारीत तर पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्रच बंद पडले. अशा काळात मंठा वा भोकरदनच्या खेड्यात मजुरी बुडवून दाखल्यासाठी आलेल्या माणसाचे काम बॅटरी किती टिकते यावर ठरते. वळवाच्या पावसात तार तुटली की आजही तेच घडते.

काम नसताना संगणकाला झोपविता येते. मग तो अत्यल्प विजेवर तग धरतो. पण ही निद्रा एकट्याची नसते. छपाईयंत्र, पडदा, जाळ्याची जोडणी अशा प्रत्येक उपकरणामागे एक छोटी आज्ञावली असते. तिला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. झोपेचा हुकूम सुटला की प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या उपकरणाची स्थिती जपून ते थांबवायचे आणि जाग येताच पूर्ववत करायचे. एकाने जरी नकार दिला, तरी सारा संगणक जागा राहतो. त्याहून वाईट म्हणजे यंत्र झोपते, पण जागे झाल्यावर एखादे उपकरण मुकेच राहते. मग वैतागलेला संगणकचालक निद्रेची सोयच कायमची बंद करून टाकतो. (त्याला दोष कोणी द्यावा? दाराशी रांग उभी असते.)

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील शाळेत २००७ साली मुलांना ‘एक्सओ’ लॅपटॉप मिळाले. पडद्यावर अक्षरे दिसत असताना मुख्य प्रक्रियक झोपू शकेल, अशी त्यांची रचना होती. कल्पना उत्तम, परंतु ती अंमलात आणणारी आज्ञावली यंत्रामागून रखडत आली. विजेची काटकसर यंत्राच्या जाहिरातीत नसते, ती ड्रायव्हरच्या ओळींत असते.

म्हणूनच निद्रेची व्यवस्था नसलेला नवा ड्रायव्हर स्वीकारूच नये, असा आग्रह लिनक्स या मुक्त प्रणालीच्या विकासकांत धरला गेला. डिसेंबर २००९ च्या आवृत्तीत संगणक जागा असतानाही रिकामे उपकरण तेवढे झोपविण्याची चौकट तीत आली. या आग्रहावरचा आक्षेप मात्र खरा आहे. पुष्कळ ड्रायव्हर स्वयंसेवक लिहितात, आणि उपकरणाचा तपशील कंपनीने दडविलेला असतो. त्यांच्यावर सक्ती केली तर जुने छपाईयंत्र अजिबातच चालणार नाही, आणि जुनी यंत्रे असतात ती गरिबाच्याच घरी. स्वयंसेवकाला ही सूट द्यावीच लागेल.

उपकरण विकून नफा घेणाऱ्याला ती कशासाठी? वीजव्यवस्थापनाचे सामाईक मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनीच १९९६ साली प्रसिद्ध केले. त्यामुळे ‘ठाऊक नव्हते’ ही सबब उरत नाही. ड्रायव्हर अर्धवट ठेवून कंपनी आपला खर्च वाचविते, आणि तो बॅटरीच्या रूपाने ग्रामपंचायत भरते.

सार्वजनिक पैशातून खरेदी होते तेथे ही सक्ती करण्याचे बळ शासनाकडे आहे. ग्रामपंचायतींसाठी निघणाऱ्या प्रत्येक निविदेत तीन अटी घालाव्यात: पुरविलेले प्रत्येक उपकरण निद्रेतून सुखरूप जागे झालेले दाखवावे, ड्रायव्हरचा तपशील खुला असावा आणि ही चाचणी मुंबईच्या वातानुकूलित दालनात न होता परतूर-घनसावंगीच्या एखाद्या कार्यालयात, वीज बंद करून, बॅटरीवर घेतली जावी.