केशराची पारख नाकाने

(नारायण पेठेतील वसंत व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पाडवा नुकताच झाला. बहुतेकांच्या घरी श्रीखंड झाले असेल आणि ते ‘केशरी’ही असेल. मला आज एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. केशराची पारख नाकाने करायची असते, डोळ्यांनी नव्हे. रंगाच्या मागे लागून आपण खऱ्या केशराला पारखे झालो.

इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून भरभर जातो. केशराचा रानटी पूर्वज ग्रीसमधला. लागवडीच्या केशराला बी धरत नाही, कारण त्याच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात. म्हणजे जगातले प्रत्येक रोप कंदापासूनच आलेले. आज बहुतांश केशर इराणचे. आपल्याकडचे काश्मीरमधल्या पांपोरच्या करेव्यांवरचे, म्हणजे तिथल्या उंच पठारांवरचे, त्याला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अकराव्या शतकात काश्मीरचा बिल्हण कवी कल्याणच्या चालुक्यांच्या दरबारी आला. केशर आणि काव्य ही भावंडे काश्मीरखेरीज कुठे उगवत नाहीत, असा त्याचा अभिमान! हे कल्याण ठाण्याजवळचे नव्हे, बिदरकडचे बसवकल्याण. (मागून आवाज : ठाऊक आहे!) असणारच, ही नारायण पेठ आहे. (हशा)

आता मुद्द्याचे. ऑक्टोबरच्या अखेरीस जांभळी फुले येतात. ती ऊन चढायच्या आत खुडतात. प्रत्येक फुलात तीन लाल तंतू, तेवढेच केशर. एका किलोला साधारण दीड लाख फुले लागतात. पण खरी गंमत पुढेच आहे. ताज्या तंतूला आपल्या ओळखीचा तो वास जवळजवळ नसतोच. त्यात पिक्रोक्रोसिन नावाचे कडवट द्रव्य असते. तंतू वाळताना त्यातून सॅफ्रनाल तयार होते, आणि तोच केशराचा सुगंध. रंग देणारे क्रोसिन वेगळे. ते कोमट दुधात उतरते, तुपात उतरत नाही. म्हणजे रंग, कडवटपणा आणि वास अशी तीन द्रव्ये झाली. यातला रंग तेवढा कोणीही बाटलीतून आणू शकतो. मग आपण नेमकी त्याचीच परीक्षा का घ्यावी?

इथे एक आठवण सांगतो. माझ्या लहानपणी पत्र्या मारुतीजवळच्या एका वाड्यात मुंज होती आणि साखरभात होता. आचारी कडक शिस्तीचे. केशर त्यांनी आदल्या रात्रीच मागून घेतले. तव्याखालचा विस्तव ओढला, नुसत्या उरलेल्या उबेवर काड्या टाकल्या आणि हाताला कुरकुरीत लागताच खाली घेतल्या. लहान खलात चिमूटभर साखरेबरोबर खलल्या. वाटीभर कोमट दूध ओतले, वर ताटली झाकली आणि वाटीला हात लावायचा नाही म्हणून आम्हा मुलांना दम भरला. सकाळी भात झाला, तो फिकट. यजमान आले, पातेल्यात डोकावले आणि भडकलेच. “पाहुणे म्हणतील, केशराला हात आखडला. रंग कुठाय?” आचारी शांतपणे म्हणाले, “रंगच हवा होता, तर हळद घरात होती. केशर कशाला मागवलंत?” आणि त्यांनी वाफेवरच्या दुसऱ्या पातेल्यावरचे झाकण काढले. माजघरात बायका द्रोण पुसत होत्या, त्यांचे हात थांबले. यजमान आले तसे मुकाट्याने परत गेले. पंगतीत कोणी रंगाचा र काढला नाही, भात मात्र दोनदा फिरवावा लागला. (टाळ्या)

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. ही आठवण लांबली खरी, पण माझा सगळा मुद्दा तिच्यातच आहे. चिठ्ठ्याही आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली : ‘हे श्रीमंतांचे चोचले आहेत.’ मला हे मान्य नाही. हिशेब करा. दीड लाख फुलांना एक किलो, म्हणजे दीडशे फुलांना एक ग्रॅम, म्हणजे साडेचारशेच्या आसपास काड्या. घरच्या श्रीखंडाला वीस काड्या पुष्कळ झाल्या. एका ग्रॅममध्ये वीस-बावीस वेळा भागते. महाग पडते ते पिवळेधमक दिसावे म्हणून मूठ रिकामी करणे. आणि ते परवडत नाही म्हणून कारखान्यातला रंग येतो.

दुसरी चिठ्ठी एका भगिनीची : ‘दिवस गेले असताना केशरदूध घेतल्याने बाळ गोरे होते का?’ नाही. त्वचेचा रंग आईबापांकडून येतो, दुधातून नाही. चवीपुरत्या दोन काड्यांना हरकत नाही, पण गरोदरपणी जास्त मात्रा धोक्याची असते. पुन्हा बघा, इथेही रंगच! वाटीतल्या श्रीखंडापासून पोटातल्या लेकरापर्यंत आपल्याला एकाच रंगाने झपाटले आहे. हे सासरच्या मंडळींनाही सांगा. (टाळ्या)

घंटा झाली. दोनच मिनिटे. भेसळ कशी ओळखायची? पूड घेऊ नका, अख्ख्या काड्या घ्या. काडी एका टोकाला तुतारीसारखी रुंदावते. कोमट पाण्यात टाका. खरी काडी सावकाश पिवळा रंग सोडते आणि स्वतः लाल राहते. रंगवलेली भराभर लाल पाणी सोडते आणि पांढरी पडते. जिभेवर ठेवा, कडवट लागली पाहिजे. गोड लागली तर परत करा.

आणि करडई. तिच्या पाकळ्या केशर म्हणून विकतात, यात करडईचा काय दोष? ती आपल्या सोलापूर-मराठवाड्याच्या रानातली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्या पाकळ्यांच्या चहावर काम केले आहे. तिला तिच्या नावाने विका, मी स्वतः रांगेत उभा राहून घेईन. दुसऱ्याच्या नावाने विकली, की शेतकरी दोन्हीकडचा बुडतो, पांपोरचाही आणि सोलापूरचाही.

तेव्हा उद्या दुकानात गेलात की ‘केशरी श्रीखंड द्या’ म्हणू नका. साधे पांढरे घ्या, घरी वीस काड्या दुधात भिजवा आणि त्यात कालवा. फिकट दिसेल, दिसू द्या. गिऱ्हाइकाने रंग मागणे सोडले, की दुकानदार रंग घालणे सोडेल.